मी सफरचंदाला साडी नेसवली

चहा गार झाला तरी चालेल, पण आधी हे ऐका. एका दिवसात मी सासूबाईंची सफरचंदाची बाग झोपवली आणि गावात एक नवी देवीही बसवली. दोन्ही कामं दुपारी चारच्या आत!

मी राहुरीकडचा, डाळिंबवाला. त्यामुळे जगातल्या कुठल्याही फळझाडाचं माझ्या सल्ल्यावाचून अडतं, असा माझा ठाम समज. सासुरवाडी अकोले तालुक्यात, डोंगरात. तिथे सगळे भात लावतात, आणि आमच्या सासूबाईंनी सात सफरचंदं लावली. उष्ण हवेत येणारी नवी जात. गाव हसलं. "आक्का, बरफ कुठनं आननार?" असं तीन वर्षं हसलं. पहिलं फळ हसणाऱ्यांच्याच हातावर ठेवायचं, एवढंच सासूबाईंनी मनाशी धरलं होतं.

आणि त्या फेब्रुवारीत झाडं फुलली हो! पांढरी फुलं, कडेला गुलाबी. मी बघायला गेलो, तर नेमका अकोल्याचा बाजार. जीपमध्ये बसता बसता सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, काय बी करू नका. निस्तं बसा. गुरं शिरू देऊ नका."

आता मला सांगा, 'काय बी करू नका' हे काय डाळिंबवाल्याला सांगायचं असतं?

अकराच्या सुमारास डोंगरामागून काळंकुट्ट आभाळ आलं. मोबाईलवर मेसेज, गारपिटीची शक्यता. मोहोरावर गारा म्हणजे वर्ष गेलं, हे मी भोगलंय. सासूबाईंना फोन लावला, त्यांच्या फोनला रेंज नाही. आमच्याकडे डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून जुन्या साड्या पांघरतात. घरात धावलो. जुनी साडी एक सापडेल तर शपथ! कपाटात मात्र सहा कोऱ्या. हिरव्या, लाल, जरीकाठी. आहेरात आलेल्या. या साड्या कुणी नेसत नाही, एका लग्नातून दुसऱ्या लग्नात फिरत असतात. म्हटलं, आज झाडाच्या कामी येऊ देत.

झाडं सात, साड्या सहा. सातवं देवाच्या हवाली केलं. बाकीच्यांना वरून पदर टाकला, खाली सुतळीनं करकचून बांधलं. तेवढ्यात बांधावरून मोळी घेऊन गावातली सखूमावशी चालली होती.

"पाव्हनं, देवी बसवली व्हय?"

माझ्या दातात सुतळी! बाई जावी म्हणून मी नुसती मान हलवली. होकारार्थी!

अर्ध्या तासात दहा-बारा बाया हजर. नारळ, खण, हळदीकुंकू घेऊन. मी ओरडलो, "अहो मावशी, हे सफरचंदाचं झाड आहे! तिकडून हिमालयाकडून आलंय!"

सखूमावशीनं कपाळाला हात लावला. "अगं बया! हिमालयातनं आली? इतक्या लांबनं? पोरींनो, आधी पानी घाला तिच्या पायावर!"

झालं. ओट्या भरल्या, उदबत्त्या पेटल्या. आणि आभाळ? ते गेलं भंडारदऱ्याकडे. गार सोडा, एक थेंब नाही. वर लख्ख ऊन पडलं. आत फुलं उकडत असणार, या विचारानं मलाच दरदरून घाम फुटला. मी एका साडीची गाठ सोडायला गेलो.

"ए!" एक आजोबा काठी घेऊन पुढे. "देवीच्या अंगावरचं लुगडं वढतो? लाज न्हाई वाटत?"

सांगा, काय करणार? तेवढ्यात साडीखालून पाकळ्या गळायला लागल्या. माझा जीव चालला होता आणि बाया हरखून म्हणत होत्या, "परसाद दिला गं आईनं!" एकीनं तर जास्त परसाद पडावा म्हणून फांदी गदागदा हलवली. मला रडू यायचं बाकी होतं. आणि चारची जीप यायची वेळ झाली होती.

सासूबाई उतरल्या. डोक्यावर पिशवी. त्यांनी झाडं पाहिली, गर्दी पाहिली, मग माझं तोंड पाहिलं. त्यांना सगळं समजलं असणार. पिशवी खाली ठेवून शांतपणे म्हणाल्या, "देवीला घाम आलाय. लुगडं बदलायचंय. गडीमानसं व्हा भाईर."

काठीवाले आजोबा सगळ्यात आधी पाठ फिरवून पळाले. मागोमाग बायाही पाया पडून पांगल्या. अख्ख्या दुपारी मला जे जमलं नाही, ते बाईनं तीन वाक्यांत केलं!

साड्या उतरवल्या. आत नुसत्या काड्या. एकेका झाडावर चार-दोन फुलं, तीही मलूल. सासूबाईंनी एक फांदी हातात धरली आणि बराच वेळ सोडली नाही. ती फांदी बघवत नव्हती मला.

"जावईबापू, गारा किती पडल्या?"

"एकही नाही, मामी."

"मंग फुलं कशानं गेली?"

मी खाली बघून म्हणालो, "माझ्यानं."

त्यांनी चहा टाकला, मला कपभर दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

उघड्या राहिलेल्या सातव्या झाडाला तेवढी जूनमध्ये नऊ फळं लागली. सासूबाईंनी ती हसणाऱ्यांच्या हातावर एकेक ठेवली. मला फोटो आला.

यंदा झाडं पुन्हा फुललीत, सातच्या सात. परवा सकाळी सासूबाईंचा फोन. आवाज घाबराघुबरा. "जावईबापू, आभाळ आलंय. लई काळं. तुमी कुठं हाय?"

माझा ऊर भरून आला. संकटात माझीच आठवण! म्हटलं, "राहुरीतच आहे मामी. गाडी काढतो, दोन-अडीच तासांत पोचतो."

"नगं, नगं!" पलीकडे सुटकेचा निश्वास. "तिथंच ऱ्हावा. तेवढंच ईचारायचं हुतं."