राहून गेलेला नियम

परळच्या एका रुग्णालयाच्या रक्तपेढीसाठी मी नोकरीच्या सुरुवातीला संगणकाच्या स्क्रीन बनवल्या. ज्या टूलमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, आम्ही त्या बनवायचो, ते तेव्हा काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं दाखवायचं. पुढे त्यात खिडक्या आणि बटणं आली, मग ते ब्राउझरमध्ये गेलं. दर आवृत्तीला मी नव्याने शिकले. आतले नियम मात्र मी लिहिले तेच राहिले.

दोनेक वर्षांपूर्वी कंपनीने ते टूल सोडून नवं घेतलं. यात कोड फारसा लिहावा लागत नाही, जुनं सगळं आपोआप उतरतं, असं आम्हाला सांगण्यात आलं. जे उतरत नाही, त्याची यादी ते शेवटी काढून देतं. यादी लांबलचक होती. सुरुवातीला नुसते रंग, अक्षरांचे आकार, कीबोर्डची बटणं. मी अर्धी वाचली आणि सही केली.

आठवडाभराने, दुपारी डबा उघडत होते तेव्हा रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंचा फोन आला. त्या माझ्याहून थोड्या मोठ्या. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज कधी चढला नव्हता, त्या दिवशीही चढला नाही.

"तुमच्या स्क्रीनने आज मला थांबवलं नाही," त्या म्हणाल्या.

करी रोडच्या ऑफिसातून मी चालतच निघाले. डबा तसाच राहिला.

एकाच नावाचे दोन रुग्ण होते आणि त्यांच्या रक्ताच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. जुन्या नोंदीत रक्तगट वेगळा असेल तर स्क्रीन पुढे जाऊ देणार नाही, हा नियम मी बाईंच्याच सांगण्यावरून लिहिला होता. तो मी न वाचलेल्या अर्ध्या यादीत होता. बाईंना त्यांतल्या एकाचा मागच्या खेपेचा गट आठवला, म्हणून चुकीच्या रक्ताची पिशवी वॉर्डात गेली नाही. बाहेर बाकावर त्याची बायको बसली होती. तिने मला रुमाल पुढे करून विचारलं, उन्हातून आलात का. मला तिच्याकडे बघवेना.

माझा साहेब माझ्याहून लहान, स्वभावाने वाईट नाही. नियम लगेच घाला म्हणाला, पण रुग्णालयाला मेल करताना 'सुधारणा केली' एवढंच लिहा. मी 'माझ्याकडून राहून गेलं' असं लिहिलं आणि त्याला न दाखवता पाठवलं. महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. रुग्णालयाने जुनी स्क्रीन पुन्हा सुरू करायला लावली. मी आणि बाई रोज दुपारी शेजारी बसून जुना कोड ओळीओळीने वाचायचो. असेच आणखी चार नियम सापडले.

नवी स्क्रीन आता नीट चालते. हल्ली तर टूलला साध्या वाक्यात सांगितलं की ते स्वतःच कोड लिहितं, आणि नवी मुलं मला फक्त नियम विचारायला येतात. परवा कोडच्या एका ओळीवर माझीच जुनी टीप दिसली: 'विचारल्याशिवाय काढू नये.' कुणाला विचारायचं, ते मी लिहिलेलं नाही. मी बाईंना फोन केला. त्यांनाही आठवेना. ती ओळ मी मुलांना तशीच ठेवायला सांगितली आहे.