लाटणं थांबलं का?

मिरा-भाईंदरमध्ये ज्या ज्या माणसांनी आपलं आयुष्य पुस्तकात लिहून ठेवलं आहे, त्यांतल्या निम्म्यांना आपल्या आयुष्यात काय घडलं ते आमच्या समोरच्या ताईंनी सांगितलेलं आहे. समोरच्या म्हणजे इंद्रलोकमधल्या आमच्या मजल्यावर ज्यांचं दार माझ्या दारासमोर येतं, त्या. लोक आपली हकिगत सांगायचे, ताई ती लिहायच्या, आणि पुस्तकावर नाव त्या लोकांचं यायचं. लिफ्टमध्ये कुणी विचारलं, "आंटी, आप क्या काम करती हो?" की ताई म्हणायच्या, "टायपिंग." मी एकदा धीर करून विचारलं, तुमचं नाव कुठंच कसं नसतं? तर म्हणाल्या, "सुईण कधी बाळाला आपलं आडनाव लावते का गं?"

ज्याचं पुस्तक चालू असेल त्याचं वारं ताईंच्या अंगात यायचं. पीटीच्या निवृत्त मास्तरांचं पुस्तक चालू होतं तेव्हा त्या जिना चढताना छाती पुढे काढून चढायच्या आणि वॉचमनला "सरळ उभा राहा" म्हणून दटावायच्या. एका सराफाचं चालू होतं तेव्हा माझ्याकडून वाटीभर साखर नेली तरी आधी हातावर तोलून बघायच्या. किनाऱ्याकडच्या गावातल्या एका कोळी आजींचं पुस्तक लिहिताना तर महिनाभर दूधवाल्याला "आज दूध नको हाय" असं ऐकवलं. तो बिचारा उत्तर प्रदेशचा. त्याला वाटलं, मॅडम रागावल्या.

त्यांच्याकडे आलेल्या कुठल्याही माणसाला रिकाम्या हातानं बसता यायचं नाही. "हात रिकामे असले की माणूस भाषण करतो," ताई म्हणायच्या. "हाताला काम दिलं की खरं बोलतो." त्यामुळे मोठमोठी माणसं त्यांच्या सोफ्यावर बसून मेथी निवडायची, लसूण सोलायची. पांढरे कडक कपडे घातलेले एक समाजसेवक मांडीवर पेपर पसरून वाटाणे सोलताना मी स्वतः बघितले आहेत. आपण किती लोकांचं भलं केलं हे सांगत आले होते, आणि अर्धा किलो वाटाणे होईपर्यंत लहानपणी आईचा मार चुकवायला कुठं लपायचे इथवर पोचले होते. वाटाणे मग माझ्याकडे यायचे, कारण ताई एकट्या, त्या एवढे खाणार किती?

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. चार माणसांत मी तोंड उघडत नाही. घरून पोळ्या करून देते, तेवढं बरं. संध्याकाळी मी पोळ्यांना बसले की ताई कागद घेऊन माझ्या ओट्याशी स्टुलावर बसायच्या आणि लिहिलेलं वाचून दाखवायच्या. सुरुवातीला विचारायच्या, कसं वाटलं? मी म्हणायची, छान. सगळंच छान. शेवटी त्यांनी विचारणं सोडलं आणि माझ्या हातांकडे बघायला लागल्या. वाचता वाचता माझं लाटणं थांबलं की त्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ. थांबलं नाही तर पान फाडायचं. माझ्या पोळ्या करपल्या की ताई खूश व्हायच्या.

नवघरच्या काकांचं पुस्तक मात्र सरळ होईना. काका मूळचे मराठवाड्यातले, ऑफिसातून साहेब होऊन निवृत्त झालेले. पंचाहत्तरीला मुलांना पुस्तक काढायचं होतं. शाळेचा भाग ताईंनी वाचला: 'अत्यंत गरिबीतून मी स्वतःच्या बळावर शिकलो.' माझं लाटणं चालूच. त्यांनी पुन्हा लिहिला, पुन्हा वाचला. लाटणं चालूच.

"अगं, थांब की!" ताई वैतागल्या. मी मान खाली घालून पोळी उलटली. त्यांनी माझ्यासमोरच काकांना फोन लावला. "काका, उद्या या. लाटणं थांबत नाहीये." काकांना काय कळलं कोण जाणे, पण आले.

ताईंनी त्यांच्यापुढे भुईमुगाच्या शेंगा ठेवल्या. मी चहा घेऊन गेले होते. काका फोडलेल्या शेंगांतली एकेक बाजूला सारत होते.

"ह्या कुणाला?" ताईंनी विचारलं.

काकांनी हाताकडे बघितलं. "सवय आहे. गौतमला लागायच्या."

"गौतम कोण?"

काका शेंगा फोडत फोडत सांगायला लागले. मग कळलं, धाकटा भाऊ. एकाचीच फी भरता येत होती म्हणून त्याची शाळा सुटली. तो विटा वाहायचा, काका शिकायचे. पुढे काका साहेब झाले, लोकांत 'स्वतःच्या बळावर' म्हणायला लागले. एका लग्नात धाकट्यानं ते ऐकलं आणि येणं सोडलं. राहतो इथंच भाईंदरला, केबिन रोडच्या मागं.

"मग लिहू या?" ताई म्हणाल्या.

"कशाला काढता मॅडम ते? पोरं काय म्हणतील?"

ताईंनी तरी चार ओळी लिहिल्या. माझी पोळी तव्यावर काळी झाली. छापायच्या आधीची पानं काकांना देताना त्यांनी लाल पेन दिलं. "नको असेल ते तुमच्या हातानं खोडा. मी खोडणार नाही." त्यानंतर किती दिवस त्या माझ्याकडे नुसत्याच येऊन बसायच्या, कुणाचंच वारं अंगात नसल्यासारख्या. "खोडतील गं," म्हणायच्या. "त्यांचं पुस्तक आहे, खोडू देत."

पानं परत आली. 'स्वतःच्या बळावर' खोडलं होतं. सत्काराचं सबंध पान खोडलं होतं. त्या चार ओळी तशाच होत्या, फक्त जिथं 'धाकटा भाऊ' होतं तिथं लाल अक्षरात 'गौतम' लिहिलं होतं.

पुस्तकाच्या प्रकाशनाला ताई मलाही घेऊन गेल्या. ताईंची नेहमीची शेवटची रांग, दाराजवळ. काकांच्या नातीनं नेमका तोच भाग वाचला. आमच्या पलीकडच्या खुर्चीवर एक म्हातारे बसले होते, काकांसारखंच नाक, खिशात कार्यक्रमाची पत्रिका. ऐकताना त्यांचे हात गुडघ्यांवर गच्च. वाचून झाल्यावर त्यांनी ताईंकडे वळून विचारलं, "हे दादानं लिव्हलं?"

"त्यांनीच," ताई म्हणाल्या. "मी जेवायला आलेय."

म्हातारे उठले आणि हळूहळू पुढं गेले. काका स्टेज उतरून खाली आले. पुढचं आम्ही बघितलं नाही. ताईंनी मला हाताला धरून बाहेर आणलं, आणि जेवण राहिलंच.

आता ताई लेकीकडे नाशिकला असतात. समोरच्या दाराला कुलूप आहे. भाजी माझी मलाच निवडावी लागते. संध्याकाळी त्यांचा फोन येतो. व्हिडिओ कॉल त्यांना चालत नाही, सारखं स्वतःचंच तोंड दिसतं म्हणतात. फोन पिठाच्या डब्याला टेकवून त्यांनी नवीन लिहिलेलं मी ऐकते. इतक्या लांबून हात दिसत नाहीत, म्हणून त्या विचारतात, "लाटणं थांबलं का गं?" मग तोंडानं सांगावं लागतं. आधी नुसतं हो-नाही म्हणायची. आता कुठं थांबलं ते सांगते, कधी का थांबलं तेही.

हे मी लिहिलेलं अजून कुणाला वाचून दाखवलेलं नाही. ताई इथं असत्या तर मेथीची जुडी त्यांच्या पुढ्यात ठेवली असती, आणि वाचता वाचता त्यांच्या हातांकडे बघितलं असतं.