त्याची पहिली रजा
शेजारी बाळाला ओव्याची धुरी देतात, तेव्हा त्या वासानं मला बुऱ्हाणपूरच्या आमच्या भाड्याच्या घरातली एक दुपार आठवते. आम्ही दोघं पुरुष, मी आणि माझा जोडीदार, आणि आमचं दत्तक तान्हं बाळ. कायद्यानं बाप मी एकटाच, म्हणून बाळासाठीची रजा मलाच मिळाली. ती संपल्यावर जोडीदारानं स्वतःच्या साठलेल्या रजेतून एक महिना मागितला. त्याच्या साहेबांनी विचारलं, "शादी कब हुई तुम्हारी?" तो म्हणाला, "शादी नाही साहेब, पण मुलगा आहे. आता माझी बारी." रजा मिळाली, पण बाळ माझ्याच छातीवर झोपायचं. पहिल्याच दुपारी त्याचा माझ्या ऑफिसात फोन आला, मागे नुसतं रडणं. "माझ्याकडे राहतच नाही रे हा." मी अर्धी सुट्टी टाकून धावत घरी आलो, तर सगळं शांत. कूलरसमोर फरशीवर माझा कालचा न धुतलेला, बाळाच्या ओव्याच्या धुरीचा वास लागलेला शर्ट घालून तो बसला होता आणि बाळ त्याच्या छातीवर गाढ झोपलं होतं. "तुझ्या वासाला फसला," तो कुजबुजला. "दे आता माझ्याकडे," मी हात पुढे केले. त्यानं मान हलवली, "आज नाही." आता मुलगा शाळेत जातो, आणि ताप आला की मला बाजूला सारून त्यालाच बिलगतो.