घरटी एक लाकूड

भाई गेल्याचं मला आईनं फोनवर सांगितलं. मस्कतला दुपार होती, मी बेकरीत पीठ मळायच्या यंत्रापाशी उभा होतो. "भाई गेले रे. सकाळी काजीच्या बागेत पडले ते उठाक नाय." रडू यायच्या आधी माझ्या तोंडून प्रश्न आला, "आये, आपल्या घरातला लाकूड न्हेलंस मां?" ती म्हणाली, "तू थंय आसंस, बाबू. माका हंय रवाचा आसा..."

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावात कुणी गेलं की घरटी एक लाकूड स्मशानात जातं. बोलावणं लागत नाही. ज्याच्याशी उभा दावा, त्याच्याही घरचं जातं. गावाचं नाव मी लिहीत नाही, भाईंचंही पुरं नाव लिहीत नाही. आई तिथे राहते.

माझे बाबा सावंतवाडीकडून डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवायला आले आणि खाण थांबल्यावर भाईंच्या काजूच्या बागेत कामाला लागले. गावातल्या एकाही मयताला त्यांचं लाकूड चुकलं नाही. ते गेले तेव्हा मी आठवीत होतो. तिरडी घेऊन गेलो तर स्मशानाच्या फाटकाला कुलूप. जागा गावातल्या चार घराण्यांची, त्यातलंच एक भाईंचं. भाईंचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, किल्ली खिशात घालून फाटकात उभे होते. "तुमचो माणूस तुमच्या गावाक न्हेवा." भाई पुढे झाले, "दादा, ह्यानं आमच्या बापाशीक खांदो दिल्लो." दादा म्हणाले, "खांदो दिल्लो, म्हणून जागा दिवची?" मागे कुणीतरी हसलं. आम्ही बाबांना पिकअपमध्ये घालून सावंतवाडीकडच्या गावी नेलं. तिथल्या भाऊबंदांनी विचारलं, सगळी वर्षं गोव्यात काढली, आणि जाळायला बरे इथे आणलेत.

माझी शाळा तिथेच सुटली. भाईंनी मला बागेत कामाला घेतलं आणि आईच्या नावानं केस घातली. धाव सगळी त्यांची. पणजीला हरले, जागा खाजगी आहे म्हणून. मग दिल्ली. डोळ्यांनी कमी दिसायचं म्हणून संध्याकाळी ते माझ्याकडून वर्तमानपत्र आणि वकिलानं मराठीत करून दिलेले कागद वाचून घेत. माणूस गोड नव्हता. "जोडाक्षर गिळू नको, जेवलास ना आताच," असं म्हणायचे. आज मी हे लिहू शकतो ते त्या शिव्यांमुळे. एकदा मी विचारलं, घटनेत जगण्याचा हक्क लिहिलाय, बाबा तर मेले, आता कसला हक्क? भाई म्हणाले, "एकवीस नंबरचं कलम दीड ओळीचं. मोठ्या कोर्टाचे न्यायाधीश ते पुन्हा पुन्हा वाचत आले. जगणं म्हणजे नुसता श्वास नव्हे म्हणाले. पोट त्यात आलं, डोक्यावरचं छप्पर आलं, अब्रू आली. आता एवढंच विचारायचं, श्वास थांबला की अब्रूपण थांबते काय?"

दिल्लीनं सांगितलं, थांबत नाही. सरकारी माणसं आली, कुलूप निघालं. मी फटाके आणतो म्हटलं, तर भाई म्हणाले, "बस खाली. कोर्ट कुलूप काढा म्हणतं. लाकूड घेऊन या, असं कुणाला सांगणार?"

त्याच आठवड्यात आई दादांच्या दारात जाऊन बसली. आमचं घर दादांच्या जमिनीत. ती म्हणाली, माका ह्यातला काय कळणा नाय, भाईंनी अंगठो घेतलो. दादांनी तिला राहू दिलं. मला शरमेनं भाईंसमोर जाववेना, तर त्यांनीच हाक मारली. "बरोबर बोलली ती. तिका घर आसा." पुढे माझ्या पासपोर्टाची धावपळही त्यांनीच केली, "हय रवलंस तर तुकाय दादाच्या दारात बसाचा लागतला" म्हणून.

भाईंना मात्र गावानं टाकलं. शिगम्याचं रोमट, म्हणजे मिरवणूक, ढोल वाजवत त्यांच्या अंगणावरून पुढे जायचं, आत वळायचं नाही. "बरं झालं, चहा वाचलो," ते म्हणायचे. दारात रोज यायचा तो फक्त पाववाला पोदेर.

ते गेले त्या दिवशी जावई, वकील, वकिलाचा ड्रायव्हर आणि सायकल टेकवून आलेला पोदेर, असे चार खांदे झाले. फाटक सताड उघडं होतं. लाकूड एकाही घरातून आलं नाही. दादा भाईंचे सख्खे भाऊ, ते आपल्या ओट्यावर बसून बघत होते. पण भाईंची चिता अडली नाही. घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपीत, काजूच्या लाकडांच्या दोन राशी होत्या. मस्कतला यायच्या आधी मीच रचलेल्या, आंघोळीच्या पाण्याला म्हणून. एक रास त्यांना पुरली.

बाराव्यानंतर मी काकींना, म्हणजे भाईंच्या बायकोला, फोन केला. उरलेली रास विकून टाका, वाळवी लागेल, असं म्हणालो. काकी म्हणाल्या, "ती तुझ्या आयेची. भाई सांगून गेलेत. म्हणाले, दादा तिका रवाक दिता, जळाक लाकूड दिवचो नाय."

परवा आईचा फोन आला. हल्ली ती जपून बोलते, मीही. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "काकीच्या मांगरात लाकडा उरलीत खूप. मागल्या दारान जावन चार मागून हाडू काय, चुलीक?"

"रवांदे, आये. ठेवलीत ती."

"कोणासाठी?"

भट्टीचा आवाज खूप आहे, काही ऐकू येत नाही, असं मी तिला सांगितलं.