नांदेडला पाठवलेल्या बरण्या

तेल लागलेल्या पुठ्ठ्याचा वास आला की नांदेडला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं स्वयंपाकघर आठवतं. लातुरात माझा लोणच्याचा धंदा नवा होता, आणि भरवशाचं कुरिअर ठरवायला मी तीन वेगवेगळ्या कुरिअरनं एकेक बरणी तिलाच पाठवली होती. "समद्या नीट आल्या," ती फोनवर म्हणाली, म्हणून मी घराजवळचं कुरिअर धरलं. मग गिऱ्हाइकांकडून फुटक्या बरण्यांचे फोटो सुरू झाले. माफी मागून मागून थकले आणि एका दुपारी तिच्याकडं गेले, तर ओट्याखाली त्याच कुरिअरचा, तेलानं काळा पडलेला खोका. "तू लई हौसेनं सुरू केलं होतंस, सांगायचं मन न्हाई झालं," ती म्हणाली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. आता कुरिअर बदलायचं झालं की मी बरणी नणंदेला पाठवते.