माहेरची बाळोती

आमच्या विहीणबाई बोलायला सरळ. फोनवर त्यांनी इकडचं तिकडचं न करता मुद्द्यालाच हात घातला. "पयलं बाळंतपण माहेरी आसतंय, ते आमाला बी कळतंय. पर तुमच्या घरात बाईमाणूस न्हाय. पोरीचं करनार कोन? हितंच करू की, अकलूजला. पानी बी लई हाय आमच्याकडं."

त्यांच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. तिची आई होती तोवर मुलगी सोलापूरला आली की आठ-आठ दिवस हलायची नाही. आई गेल्यावर ती सकाळच्या एसटीनं यायची, माझा स्वयंपाक करून ठेवायची, डबे घासायची आणि संध्याकाळी परत जायची. राहा म्हटलं तर "आत्या वाट बघतील" म्हणायची. आत्या म्हणजे तिची सासू. आत्या कसली वाट बघतेय! या घरात तिला बसवत नव्हतं, हे मला दिसत होतं. पहिलं बाळंतपणही इथं झालं नाही, तर हे घर तिचं माहेर म्हणून उरणार नव्हतं, नुसतं बापाचं बिऱ्हाड झालं असतं. मी फोनवर "बघू" म्हणालो, ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो.

बाळाला काय काय लागतं, असं मी मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं. तिनं मोबाईलवर फोटो पाठवले. बटनांचे रंगीत कापडी डायपर, त्यांवर हत्ती आणि जिराफ, आणि आत घालायची ओल शोषणारी घडी. दिवस भरत होते ऐन उन्हाळ्यात. आमच्याकडच्या उन्हात पॅकेटातले डायपर लावले तर लेकराच्या अंगावर पुरळ उठेल, शक्यतो कापडच वापरा, असं डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं. मी फोटोतली ती घडी बोटांनी मोठी करून बघितली आणि मला हसूच आलं. अहो, हा तर टॉवेल!

आणि टॉवेल म्हणजे माझा प्रांत. माझी सगळी नोकरी टॉवेलच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर गेली. सुटलेला धागा आणि तिरकी किनार मला डोळे मिटून हाताला लागते. मी ऐटीत जुन्या कारखान्यात गेलो, बारीक खोट असलेले पण जाड, भरदार टॉवेल निवडून आणले आणि कात्रीनं त्यांच्या पट्ट्या कापल्या. शेजारच्या अक्कांनी मशीनवर कडा मारून दिल्या. अक्का विणकराच्या घरातल्या. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी, आणि दोन्हीत आवाज मोठा. त्यांच्या देखत मी एक घडी ताटात ठेवली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. पाणी टॉवेलावरून घरंगळत ताटात आलं आणि ताटातून माझ्या पायांवर.

नवा टॉवेल पाच-सहा वेळा धुतल्याशिवाय पाणी पीत नाही. कारखान्यातलं शेंबडं पोरसुद्धा हे सांगेल. पण मी आयुष्यभर टॉवेल तपासले, घड्या घालून गठ्ठ्यात बांधले. घरी माझ्या हातात यायचा तो धुऊन मऊ झालेलाच.

अक्का हसून हसून खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "अण्णा, बाळाला नवीन कापड घालतात का कोण? बारशापर्यंत जुनंच पाहिजे. धुऊन धुऊन विरलेलं."

मी कपाट उघडलं. बायकोच्या सुती साड्या ती गेली तेव्हाच नात्यातल्या बायकांना दिल्या होत्या. उरलेल्या सगळ्या गुळगुळीत, थेंबही न टिकणाऱ्या. चादरी तशाच, पडदे तसेच. कापडाच्या गावात जन्म गेला आणि घरात धड एक सुती चिंधी नाही! अक्कांची नजर खोलीभर फिरली आणि शेवटी माझ्या कमरेवर येऊन थांबली. मी दोन पावलं मागं सरलो.

पांढऱ्या सुती लुंग्या, वर्षानुवर्षं अंगावर घासून लोण्यासारख्या झालेल्या. एक अंगावरची सोडून सगळ्या दिल्या, आणि आठवडाभरात अक्का तीही मागून घेऊन गेल्या. त्यानंतर मी घरात फुलपँट घालून वावरायला लागलो. लुंग्यांचे त्रिकोणी लंगोट झाले, चौकोनी बाळोती झाली, आणि उरलेल्या तुकड्यांची अंग पुसायची फडकी. लंगोटाचं माप कशावर घ्यायचं हा प्रश्न आला तेव्हा अक्कांनी मला दुधी भोपळा आणायला पाठवलं. मी चांगला गुटगुटीत बघून आणला. बंद पुरतात का, गाठ कुठं येते, हे त्याला लंगोट नेसवून नेसवून बघितलं. पुढं तो चिरायला माझा हात धजेना. अक्कांनीच नेऊन त्याची भाजी केली आणि मला वाटीभर पाठवली. मी ती खाल्ली नाही.

मग झाकणाची बादली आली, मेणकापड आलं, रिठे आले, गच्चीवर नवी दोरी आली. तरी मनात एक गोष्ट खुपत होतीच. "पानी बी लई हाय आमच्याकडं." विहीणबाईंच्या दारात बोअर धो धो चालते. आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी, तेही येईल तेव्हा खरं. मी आणखी एक पिंप घेतलं. पण पिंप घेतलं म्हणून पाणी पुरेल असं थोडंच आहे? करूनच बघावं म्हटलं.

नळाला पाणी येऊन गेलं त्या दिवसापासून मी घरात बाळ आहे असं धरून चाललो. थोड्या थोड्या वेळानं एक लंगोट भिजवायचा आणि बादलीत टाकायचा. खरेपणा यावा म्हणून काहींवर वरणसुद्धा सांडलं. रोज सकाळी तांदळाच्या धुवणात पहिला खळबळा, मग रिठ्याचं पाणी, आणि शेवटचं तेवढं चांगल्या पाण्यात. खळबळलेलं पाणी संडासात ओतायचं. पुन्हा नळ आला तेव्हा पिंपात हातभर पाणी शिल्लक होतं. मी इतका खूश झालो की धुतलेली सगळी बाळोती एकाच वेळी गच्चीवर वाळत घातली. पांढरीशुभ्र रांग, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. मलाच बघत राहावंसं वाटलं.

बघणारा मी एकटा नव्हतो. सकाळी दूधवाल्यानं खालून आवाज दिला, "काका, मुलगा का मुलगी?"

"अजून झालं नाही," मी म्हणालो.

त्यानं दोरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि किटली उचलून पुढं गेला. दुपारपर्यंत गल्लीत तिघांनी माझ्याकडं पेढे मागितले. कुणाचे तरी पाहुणे अकलूजचे निघाले. संध्याकाळी विहीणबाईंना फोन गेला, की सून बाळंत झाली आणि आम्हाला कळवायचं सोडून गप्प काय बसलात? सून त्यांच्या समोर बसून शेंगा फोडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघी दारात उभ्या. मुलीला आठवा लागलेला. विहीणबाईंनी पाण्याचा तांब्यासुद्धा घेतला नाही, थेट गच्चीवर.

"बाळ यायच्या आदी बाळोती वाळत घालतंय व्हय कोन?" त्या कडाडल्या. "लोक काय म्हनत्याल? कुनाची नजर लागली म्हंजे?"

माझंही डोकं फिरलं. "मग पाणी पुरतंय का नाही हे बाळ आल्यावर बघू का?"

मुलगी आमच्या दोघांकडं बघतच नव्हती. तिनं दोरीवरचा एक लंगोट हातात घेतला, कड बोटांनी चाचपली. "पप्पा," ती म्हणाली, "ही तुमची लुंगी की!" आणि मग माझ्या फुलपँटकडं बघून ती जी हसायला लागली, ती पोट धरून कठड्याला टेकली. आई गेल्यापासून ती या घरात अशी हसली नव्हती. मला भांडण पुढं चालवायचं सुचेना.

विहीणबाईंनी मात्र काम सोडलं नाही. खाली येऊन पिंपाचं झाकण उघडलं, आत हात घालून पाणी बघितलं. लंगोटाचं टोक भिजवलं. त्यानं पाणी पटकन ओढून घेतलं. "हे पिवळं कशाचं?" त्यांनी विचारलं.

"वरणाचं," मी म्हणालो.

त्यांनी पदर तोंडात धरला. तेवढ्यात अक्का आल्या आणि त्यांनी भोपळ्याची गोष्टही तिखटमीठ लावून सांगितली. मला आता लपवायला काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "विहीणबाई, तुमच्याकडं पाणी जास्त आहे, माणसं जास्त आहेत, सगळं कबूल. पण ही आता इथं राहायला आली नाही, तर पुन्हा कधीच राहायची नाही. सकाळी येईल, संध्याकाळी जाईल. मला भीती आहे ती त्याची."

मुलगी खाली मान घालून लंगोटाच्या बंदाला गाठ मारत होती आणि सोडत होती.

"आवो, मग हे आदी बोलायचं की," विहीणबाई म्हणाल्या. "लुंग्या कशापायी फाडल्या?"

त्यांनी अटी घातल्या. बारशापर्यंत त्या स्वतः इथं येऊन राहणार. "पोराला न्हाऊ मी घालनार. तुमी भोपळ्यावर शिकलाय, आमचं नातरू भोपळा न्हाय." आणि ती दोरी आजच्या आज काढायची. मी काढली.

नात झाली. विहीणबाई आल्या, तसा मी झोपायला अक्कांच्या पुढच्या खोलीत गेलो. पण धुणं मी कोणाला दिलं नाही. वरणाशी खऱ्या प्रकाराची काही तुलना नव्हती, एवढंच सांगतो. एप्रिलचं ऊन असं, की दोरीच्या या टोकाला शेवटचं बाळोतं टाकेपर्यंत त्या टोकाचं पहिलं कडक वाळलेलं असायचं. विहीणबाई बारसं करून परत गेल्या. मग आम्ही तिघंच उरलो आणि मला वाटलं त्यापेक्षा बरं चाललं. मुलगी हळूहळू घरात वावरायला लागली. डब्यांच्या जागा बदलल्या, माझी जुनी वर्तमानपत्रं रद्दीत घातली, दुपारी पंख्याखाली लेकराला घेऊन लोळायला लागली. माझ्यावर ओरडायचीसुद्धा. मला फार बरं वाटायचं.

एकदा पाइपलाइन फुटली आणि नळाची पाळी चुकली. पिंप तळाला गेलं. मी कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीनंच सांगितलं असणार. संध्याकाळी जावई दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरून गाडी घेऊन हजर. "आईनं पाठवलंय," एवढंच म्हणाले आणि कॅन उतरवायला लागले. आधीचा मी असतो तर तोंड फिरवून बसलो असतो. त्या दिवशी मी दुसरी कडी धरली.

तीन महिने झाले आणि विहीणबाई न्यायला आल्या. एव्हाना नातीला लंगोट पुरेनासे झाले होते. तिला बटनांचे डायपर लागायचे, आणि त्यांत माझ्या टॉवेलच्या घड्या. त्या आता धुऊन धुऊन मऊ झाल्या होत्या आणि पाणी पीत होत्या. मी सगळ्या घड्या आणि डायपर पलंगावर आणून ठेवले. मुलीनं पिशवी भरायला घेतली, निम्म्यावर थांबली, आणि उरलेले उचलून आईच्या कपाटात खालच्या कप्प्यात लावून ठेवायला लागली.

"घे की समदं," विहीणबाई म्हणाल्या. "तितं लागनार न्हाय व्हय?"

"तिकडं दुसरे करू, आत्या. हे असू देत इथं," ती म्हणाली. "दर खेपेला काय बोचकं बांधून आणू? माहेरी यायचं म्हणजे पोरीला कडेवर घ्यायचं आणि यायचं."

कपाटाचं दार मीच लावलं. दोघींकडं पाठ करून कडीशी बराच वेळ खटपट करत राहिलो. कडीला काहीसुद्धा झालेलं नव्हतं.