घशाची समजूत

औषधं शोधणाऱ्या संस्थेत आयुष्य घालवलेली बाई गोळी गिळता येत नाही म्हणून समोर बसून रडते आहे, हे पाहून आमच्या डॉक्टरांना हसू आलं. त्यांनी ते मास्कमागे लपवलं, पण डोळ्यांत दिसायचं ते दिसलंच. मला असा राग आला म्हणता! आता आठवलं की मलाही हसू येतं. त्या दिवशी मात्र माझ्या जिवावर बेतलं होतं.

झालं होतं असं. मानेत एक गाठ आली, ती टीबीची निघाली. घाबरण्यासारखं काही नाही, सहा महिने नेमाने औषध घेतलंत की बऱ्या व्हाल, असं डॉक्टर म्हणाले. मीही घाबरले नाही. रोज सकाळी रिकाम्या पोटी लालसर रंगाच्या भल्यामोठ्या गोळ्या घ्यायच्या, एवढंच तर होतं. सुरुवातीचे काही दिवस घेतल्याही. मग एका सकाळी त्यातली एक घशात आडवी झाली. घरात कोणी नव्हतं. मुलगी कॉलेजला गेलेली, नवरा बँकेच्या बदलीमुळे गोरखपूरला. ओट्याला धरून मी खोकत राहिले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि आता आपण इथेच संपतोय असं स्वच्छ वाटलं. शेवटी गोळी बाहेर पडली. दोन मिनिटांचाच प्रकार असेल.

पण दुसऱ्या दिवसापासून घसा बंद. पोळी जायची, भात जायचा, पाणी जायचं. गोळी जिभेला टेकली रे टेकली की घशाला आतून कडी. तरी जबरदस्ती केली तर उलटी. एका दिवसाचं औषध चुकलं, मग आणखी एका दिवसाचं. टीबीच्या औषधात खंड पडला तर काय होतं हे दुसऱ्या कोणी मला सांगायची गरज नव्हती. अर्धवट मार खाल्लेले जंतू निर्ढावतात, आणि मग साध्या औषधांना दाद देत नाहीत. याच विषयावर मी लोकांना भाषणं दिली आहेत. माझ्या घशाला माझी पदवी मान्य नव्हती, त्याला कोण काय करणार?

सल्ल्यांना तोटा नव्हता. लखनौच्या अलीगंजात आम्ही राहतो, तिथल्या आमच्या शेजारीणबाई सांगून गेल्या, "भाभी जी, मलाई में लपेट के निगल जाइए, पता भी नहीं चलेगा." कळलं की, चांगलंच कळलं. संस्थेतल्या एका सहकाऱ्याने गोळी जिभेच्या नेमक्या कुठल्या भागावर ठेवावी यावर जेवणाच्या सुट्टीत व्याख्यान झोडलं. नवरा फोनवरून म्हणाला, "अगं, डोळे मीट आणि टाक." मी फोनच टाकला. डॉक्टरांना विचारून एकदा गोळ्या कुटूनही पाहिल्या. तो कडू चोथा ज्या वेगाने आत गेला त्याच्या दुप्पट वेगाने बाहेर आला.

पुढच्या भेटीत डॉक्टर हसले नाहीत. औषध फार चुकतंय, असं गंभीरपणे म्हणाले, आणि एक चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. "आप एक बार हिप्नोथेरपी करवा के देखिए."

हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहन! संमोहन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे लंबक हलवणारा जादूगार आणि स्टेजवर कोंबड्यासारखा आरवणारा माणूस यायचा. पण बुडत्याने काडीची जात विचारू नये. गेले.

दवाखाना हज़रतगंजच्या मुख्य रस्त्यामागे एका गल्लीत, वरच्या मजल्यावर होता. बाहेरच्या बाकावर माझ्याआधी दोघं बसलेली. एका बाईंना दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीची इतकी धास्ती होती की दाढ किडून गाल सुजला तरी त्या तिकडे फिरकत नव्हत्या. दुसरे एक वकील होते, त्यांचं पोट प्रत्येक तारखेच्या सकाळी बिघडायचं आणि सगळ्या तपासण्या चांगल्या यायच्या. आम्ही तिघांनी एकमेकांना आपापली गाऱ्हाणी सांगून टाकली. लखनौत बाकावर बसलेला माणूस फार वेळ अनोळखी राहत नाही.

आतल्या बाई मानसशास्त्राच्या रीतसर शिकलेल्या, माझ्याहून लहान, साध्या सुती कुर्त्यातल्या. मी बसल्या बसल्या तोफ डागली. याला पुरावा काय, कंट्रोल ग्रुप कुठे असतो, हा नुसता मनाचा खेळ कशावरून नाही? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मन का ही खेल है, मैम. गला बंद भी तो मन ने ही किया है. कोई ताला तो लगा नहीं है वहाँ."

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

त्यांनी मग समजावून सांगितलं. ही झोप नव्हे आणि बेशुद्धीही नव्हे. एखाद्या कामात आपण गढून गेलो की कुकरच्या शिट्ट्या कानावर पडूनही ऐकू येत नाहीत, तसलीच ती अवस्था. लक्ष एका जागी गोळा होतं, अंग सैल पडतं, आणि एरवी आपण ज्या सूचनेशी हुज्जत घातली असती ती शरीर निमूट ऐकून घेतं. तुमच्या मनाविरुद्ध कोणी तुमच्याकडून काही करवून घेऊ शकत नाही, कधीही डोळे उघडून उठून जाता येतं. भीती, मळमळ, काही प्रकारची दुखणी, वकीलसाहेबांसारखी पोटं, यांत बऱ्याच जणांना उपयोग होतो. सगळ्यांना सारखा होत नाही. "और एक बात," त्या म्हणाल्या, "टीबी के कीटाणु मेरी बात नहीं सुनेंगे. वो सिर्फ़ आपकी गोली की सुनते हैं. मैं बस गोली को अंदर तक पहुँचा सकती हूँ." ज्या माणसाला आपली हद्द ठाऊक आहे त्याच्यावर मी विश्वास ठेवते. त्या दिवसापासून ठेवला.

पहिल्या काही बैठकांत डोळे मिटायचे, श्वास मोजायचा, खांदे सोडायचे, हात जड होताना बघायचे. गोळीचं नावही नाही. मी वैतागले. औषध चुकतंय आणि आम्ही खांदे सोडत बसलोय! घरी जाताना मेट्रोत बसल्यावर एकदम डोक्यात प्रकाश पडला. प्रयोगशाळेत उंदरांना तोंडावाटे औषध पाजताना मी नव्या विद्यार्थ्यांना काय शिकवते? आधी काही दिवस उंदराला नुसतं हातात घ्या. आपल्या हाताचा वास, आपला आवाज त्याला सवयीचा होऊ दे. घाबरलेल्या उंदराला औषध पाजू नका, तो घसा आवळतो आणि औषध भलतीकडे जातं. इतकी वर्षं हे उंदरांसाठी सांगत आले, स्वतःला सांगायचं सुचलं नाही. पुढच्या बैठकीत मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या, आणि त्यानंतर मी जरा शहाण्या उंदरासारखी वागू लागले.

एकदा त्यांनी विचारलं, "ऐसा क्या है जो आप बिना सोचे निगल जाती हैं?" मी विचार केला आणि माझं मलाच नवल वाटलं. तीर्थ! माझं देवाशी फारसं येणंजाणं नाही. पण इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत पळी पुढे आली की माझा उजवा तळवा आपसूक खोलगट होतो, तीर्थ तोंडात जातं, ओला हात डोक्यावरून फिरतो. त्यात काय आहे, कुठलं पाणी आहे, घशात अडकेल का, एक अक्षर मनात येत नाही. पाण्याची शुद्धता तपासल्याशिवाय बाटली न उघडणारी बाई मी. बाई पुढे सरसावून बसल्या. "बस, यही चाहिए."

मग त्यांनी विचारलं, लहानपणी औषध कुठल्या भाषेत घ्यायचात? म्हटलं, हा काय प्रश्न झाला, मराठीत. त्यांना मराठी येत नव्हती. त्यांची हिंदी इतकी अदबीची की डोळे मिटल्यावरही मला पाहुणी म्हणून आल्यासारखं ताठ बसावंसं वाटायचं. मग सूचना मराठीतूनच ऐका, त्या म्हणाल्या, घरात मराठी बोलणारं कोण आहे? आता आली का पंचाईत. नवरा गोरखपूरला. उरली मुलगी, आणि ती इथेच जन्मलेली. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतून. यावरून आमची भांडणंही होऊन होऊन थकली होती.

पण तिने ते मनावर घेतलं. बाईंनी हिंदीत लिहून दिलेल्या सूचनांची तिने खोलीचं दार लावून मराठी केली आणि फोनवर रेकॉर्ड करून मला दिली. सकाळी खुर्चीत डोळे मिटून मी ते लावलं. "आई, आता तुम्ही आपले खांदे ढिले सोडा. तुमच्या मानेमध्ये खूप आराम येत आहे." घरोघरी आईला आप म्हणणाऱ्या गावात ती वाढलेली, त्यामुळे पोटच्या पोरीची मी तुम्ही झाले होते. मला हसू आवरेना. ती पाय आपटत आली. "तो ख़ुद ही बना लीजिए ना!"

मला वाटलं होतं हे ऐकून बाई निराश होतील. त्या उलट खूश झाल्या. म्हणाल्या, हसताना घसा किती मोकळा होता ते पाहिलंत का? रेकॉर्डिंग राहू दे, बेटीला समोर बसवा.

त्यानंतर रोज सकाळी, कॉलेजच्या आधी, माझी झोपाळू मुलगी केस तसेच बांधून माझ्यासमोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसू लागली. तीच मोडकीतोडकी मराठी, तोच आराम येत आहे. मी डोळे मिटायची, खांदे सोडायची. मग ती म्हणायची, "आई, हात पुढे करा." पहिले काही दिवस तळव्यावर नुसतं पळीभर पाणी. मग साखरेचे दाणे आणि पाणी. मग बडीशेपेची गोळी. एकीकडे औषधाचे दिवस जात होते आणि माझा जीव टांगणीला होता, पण तिने घाई केली नाही. मी केली तर माझ्याच उंदरांच्या धड्याची आठवण देत "उंदीर, आई, उंदीर" म्हणून मला गप्प बसवायची.

आणि एका सकाळी हात पुढे केला तेव्हा तळव्यावर जड काहीतरी पडलं. कळलं मला, न कळायला काय झालं! पण हात आपल्या वाटेने तोंडाकडे निघाला होता. पाठोपाठ तिने पेला ओठांना लावला. घोट गेला. गोळी गेली. ओला हात डोक्यावरून फिरवला आणि डोळे उघडले, तर समोर ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली, पेला दोन्ही हातांनी धरून बसलेली. आम्ही दोघी रडलो. मग दुसरी गोळीही घेतली, कारण ती राहिली होती.

डॉक्टरांनी चुकलेल्या दिवसांमुळे औषध थोडं लांबवलं, पण त्यानंतर एकही दिवस चुकला नाही. गाठ बसत गेली. त्या डॉक्टरांचे मी उपकार मानते. आपल्या शास्त्राबाहेरचं दार दाखवायला मोठं मन लागतं. हज़रतगंजच्या बाईंचे तर मानते तितके थोडेच. नुसतं घाबरू नका असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. माझ्या भीतीशी त्या अदबीने बोलल्या, आणि मलाही बोलायला शिकवलं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, आता बंद. मी घरी मिठाई घेऊन आले आणि मुलीला म्हटलं, आता खरं सांगून टाकते. तुझी परीक्षा होती आणि तू पहाटेच गेलीस, तेव्हा मी एकटीनेच गोळ्या घेतल्या, काही झालं नाही. तेव्हापासून मला तुझ्या सूचनांची गरज नव्हती. पण तू समोर बसून मराठी बोलायचीस ते बंद होईल म्हणून मी तुला सांगितलं नाही. तुझी झोप मोडली, रागावू नकोस.

तिने शांतपणे बर्फीचा तुकडा तोडला. "पता है. उस दिन मैं एडमिट कार्ड भूल गई थी, वापस आई थी. आप किचन में खड़ी फ़ोन पे पापा को डाँट रही थीं, और डाँटते-डाँटते गोली खा ली."

ही काही महिन्यांपूर्वीची गोष्ट होती. मी चाटच पडले. "मग त्यानंतर रोज उठून कशाला बसत होतीस गं?"

"आप रोज़ हाथ आगे करती थीं ना," ती म्हणाली.